बौद्ध स्वस्तिक आणि नाझी चिन्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला फिरायला निघालेले, जर्मनीत शिकायला गेलेले, मेलबर्नमध्ये नवं घर घेतलेले वाचक हे प्रश्न आलटून पालटून पाठवत असतात. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. कायद्याची माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष अडचण आली तर तिथल्या वकिलालाच विचारा.

१. जपानमध्ये जागोजागी स्वस्तिक दिसतं. तिथे एवढे हिंदू आहेत का?

नाहीत, ती बौद्ध मंदिरं आहेत. बौद्ध धर्म भारतातून मध्य आशियामार्गे चीनमध्ये गेला, तिथून कोरिया आणि जपानमध्ये, आणि हे चिन्ह त्याच्याबरोबर गेलं. चीनमध्ये तर ते लिपीतच सामावलं. सम्राज्ञी वू झेत्यान हिच्या काळात, इ. स. ६९३ मध्ये, त्याचा उच्चार ‘वान’ असा ठरवण्यात आला असं सांगतात. ‘वान’ म्हणजे दहा हजार, म्हणजे सगळं शुभ एका जागी. जपानी लोक त्याला ‘मांजी’ म्हणतात. त्यामुळे चिनी किंवा जपानी कीबोर्डवर स्वस्तिक एखाद्या अक्षरासारखं टाइप करता येतं.

जपानच्या सरकारी नकाशांत मांजी म्हणजे ‘इथे बौद्ध मंदिर आहे’. हाँगकाँगच्या लांताऊ बेटावर १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या कांस्य बुद्धमूर्तीच्या छातीवरही ते ठळक दिसतं.

२. बौद्ध धर्मात त्याचा नेमका अर्थ काय?

एकच अर्थ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. महापुरुषाच्या ३२ लक्षणांच्या पाली यादीत बुद्धाच्या तळपायांवर चक्र आहे, स्वस्तिक नाही. ते येतं संस्कृत परंपरेतल्या ८० गौण लक्षणांत. तिथे हातापायांवर श्रीवत्स, स्वस्तिक आणि नंद्यावर्त या मंगल खुणा असल्याचं म्हटलं आहे. अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांत बुद्धाची पावलं कोरलेली आहेत. त्यांत मधोमध चक्र आणि बोटांवर स्वस्तिकं दिसतात. मूर्ती घडवण्याची प्रथा रुळण्याआधी बुद्धाचं अस्तित्व अशा पावलांतूनच दाखवत.

पुढे चीनमध्ये छातीवरच्या श्रीवत्साच्या जागी स्वस्तिक रूढ झालं आणि तिथे त्याला ‘बुद्धाच्या हृदयाची मुद्रा’ असा अर्थ चिकटला. तिबेटमध्ये ते स्थैर्याचं, न ढळण्याचं चिन्ह आहे.

यासाठी दूर जायची गरजही नाही. जुन्नर आणि कार्ल्याच्या लेण्यांत काही ब्राह्मी दानलेखांच्या सुरुवातीला किंवा शेवटी स्वस्तिक कोरलेलं आहे. कुणी व्यापारी पाण्याचं टाकं देतो, कुणी खांब देतो, आणि लेखाला ही मंगल खूण जोडतो.

३. मग हे मूळचं कुणाचं? हिंदूंचं, जैनांचं की बौद्धांचं?

तिघांच्याही आजच्या रूपापेक्षा ते जुनं आहे. हडप्पा संस्कृतीच्या मुद्रांवर ते आहे, आणि त्या मुद्रा वापरणाऱ्यांचा धर्म कोणता होता हे आपल्याला वाचता येत नाही. भारताबाहेर ट्रॉय या (आजच्या तुर्कस्तानातल्या) प्राचीन नगराच्या उत्खननात, ग्रीक भांड्यांवर, रोमन फरशांवर आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या विणकामातही हा आकार सापडतो. फुलीच्या चार टोकांना काटकोनात वळवलं की झालं स्वस्तिक. इतका सोपा आकार अनेकांना स्वतंत्रपणे सुचला असेल, तर नवल नाही. ‘सगळ्या जगाला आम्ही दिलं’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं आठवा.

४. हिटलरने ते भारतातून चोरलं का?

थेट नाही. मधला प्रवास असा आहे: हाइनरिख श्लीमन याने १८७० च्या दशकात ट्रॉय खणायला घेतलं, तेव्हा त्याला हा आकार कोरलेल्या मातीच्या चकत्या मोठ्या संख्येने मिळाल्या. त्याने भारतविद्येच्या युरोपीय अभ्यासकांकडे विचारणा केली. त्या काळात भाषांच्या कुळाला लावलेला ‘आर्य’ हा शब्द हळूहळू माणसांच्या वंशाला लावला जात होता. मग ट्रॉयमध्ये मिळालेलं, जर्मनीतल्या जुन्या मडक्यांवर दिसणारं आणि वेदकाळाशी जोडलं गेलेलं हे चिन्ह म्हणजे ‘आर्य वंशाच्या’ पाऊलखुणा, असा तर्क जर्मन राष्ट्रवादी मंडळींनी उचलला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनी आणि ऑस्ट्रियातले यहुदीद्वेष्टे गट ते मिरवू लागले होते. म्युनिकची थूले सोसायटी त्यांपैकीच एक. मार्च १९२० मध्ये बर्लिनमध्ये सरकार उलथवायचा फसलेला प्रयत्न करणाऱ्या एरहार्ट ब्रिगेडच्या शिपायांनी शिरस्त्राणांवर तेच रंगवलं होतं.

म्हणजे १९२० मध्ये हिटलरच्या पक्षाने लाल कापड, पांढरं वर्तुळ आणि त्यात काळं चिन्ह असा ध्वज स्वीकारला, तेव्हा यहुदीद्वेष त्या चिन्हाला आधीच चिकटलेला होता. हिटलरने आपल्या पुस्तकात ते आर्य माणसाच्या विजयाच्या लढ्याचं चिन्ह असल्याचं सांगितलं, आणि ते यहुदीविरोधीच राहील असंही बजावलं. त्यात ना बुद्ध होता, ना गणपती. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्गमध्ये पक्षाचा हा ध्वज देशाचा एकमेव राष्ट्रध्वज झाला. त्याच दिवशी यहुद्यांचं नागरिकत्व हिरावणारे कायदेही झाले.

लहानपणी हिटलर ऑस्ट्रियातल्या लाम्बाखच्या मठात गायला जाई आणि तिथल्या एका मठाधिपतीच्या कुलचिन्हात हा आकार होता, ही गोष्ट खरी आहे. पण पक्षाचं चिन्ह तिथूनच आलं असं म्हणायला आधार नाही. त्या काळच्या म्युनिकमध्ये ते शोधायला मठात जायची गरजच नव्हती.

५. बौद्ध स्वस्तिक डावीकडे वळतं, नाझी उजवीकडे. हिटलरने ते उलटं केलं म्हणून अपशकुन झाला, हे खरं का?

सर्वांत जास्त वेळा येणारा हा प्रश्न, आणि सर्वांत चुकीचा समज. नाझी चिन्ह उजवीकडे वळलेलं आहे, म्हणजे आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकासारखंच. त्याने काही उलटं केलं नाही. जपान-चीनमध्ये आज डावीकडे वळलेलं रूप जास्त दिसतं, पण जुन्या मूर्तींवर, कापडांवर आणि छतांच्या नक्षीत दोन्ही दिशा एकत्र नांदतात.

‘नाझी चिन्ह ४५ अंशांत तिरकं असतं’ हा दुसरा तोडगा. बहुतेक ठिकाणी ते तिरकं आहे, हे खरं. पण हिटलरच्या वैयक्तिक ध्वजावर ते सरळ उभं होतं. शिवाय घाईत काढलेली रांगोळी तिरकी होऊ शकतेच.

दिशा आणि तिरकेपणा पाहून ओळख पटत नाही. सोबत काय आहे ते बघा. चार घरांत चार ठिपके, हळदकुंकू, ओम, कलश, कमळ, बुद्धाची मूर्ती, मंदिराचं छप्पर: ही एक संगत. लाल-पांढरा-काळा ध्वज, गरुड, ‘हाइल हिटलर’साठी सांकेतिक म्हणून वापरला जाणारा ८८ हा आकडा, कबरीवर किंवा सिनेगॉगच्या भिंतीवर रात्रीतून मारलेला रंग: ही दुसरी. काहीच सोबत नसेल, नुसता काळा आकार असेल, तर पश्चिमेतला माणूस दुसराच अर्थ घेणार. तिथे त्याला दोष देऊ नये.

६. तिबेटी बौद्धांचं स्वस्तिक आपल्यासारखं उजवीकडे असतं, मग काही तिबेटी मठांत डावीकडे कसं?

तो मठ बोन परंपरेचा असणार. बोन ही तिबेटची बौद्ध धर्माहून वेगळी धार्मिक परंपरा. तिच्यात डावीकडे वळलेलं स्वस्तिक, ‘युंगड्रुंग’, शाश्वताचं चिन्ह आहे. बोन अनुयायी प्रदक्षिणाही घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घालतात. हिमाचलात सोलनजवळ दोलांजी इथे त्यांचा मेनरी मठ आहे, तिथे हे पाहता येतं.

७. हिटलरच्या आधी पश्चिमेत ते शुभ मानत असत म्हणे?

हो, अगदी सर्रास. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत युरोप-अमेरिकेत ते शुभेच्छापत्रांवर, दागिन्यांवर, इमारतींच्या फरशांवर होतं. डेन्मार्कची कार्ल्सबर्ग ही बिअर कंपनी ते वापरत असे, आणि कोपनहेगनमधल्या तिच्या जुन्या दारावरच्या दगडी हत्तींच्या अंगावर ते आजही आहे. अमेरिकी लष्कराच्या ४५ व्या डिव्हिजनच्या खांद्यावरच्या बिल्ल्यावर लाल चौकोनात पिवळं स्वस्तिक होतं. तिथल्या मूळ रहिवाशांना मान म्हणून ते घेतलं होतं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते काढून त्या जागी ‘थंडरबर्ड’ पक्षी आला. आणि १९४० मध्ये ॲरिझोनातल्या नवाहो, होपी, अपाची आणि पापागो या जमातींच्या प्रतिनिधींनी आपल्या विणकामात हे चिन्ह यापुढे न वापरण्याच्या करारावर सह्या केल्या.

कॅनडात ऑन्टारियो प्रांतात स्वस्तिक नावाचं एक गाव आहे. युद्धकाळात सरकारने त्याचं नाव बदलून चर्चिलच्या नावावरून ‘विन्स्टन’ करायचं ठरवलं. गावकरी ऐकेनात. नाव आमचं आधीचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. ते नाव आजही आहे.

८. फिनलंडच्या हवाई दलाचं स्वस्तिक नाझी होतं का?

सुरुवातीला नाही. १९१८ मध्ये एरिक फॉन रोझेन या स्वीडिश सरदाराने फिनलंडला एक विमान भेट दिलं. त्यावर त्याची वैयक्तिक शुभखूण म्हणून निळं स्वस्तिक होतं, आणि हवाई दलाने तेच उचललं. नाझी पक्ष तेव्हा अस्तित्वातही नव्हता. पण गोष्ट इथे थांबत नाही: हा फॉन रोझेन पुढे नाझी हवाई दलाचा प्रमुख हर्मन गोरिंग याचा साडू झाला आणि स्वीडनमधल्या नाझी वर्तुळात वावरला. विमानांवरून हे चिन्ह १९४५ मध्ये गेलं. हवाई दल मुख्यालयाच्या बोधचिन्हातून ते २०१७ मध्ये गाजावाजा न करता काढलं गेलं, आणि लोकांच्या लक्षात आलं २०२० मध्ये.

९. युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली. पश्चिमेच्या लोकांना आता तरी समजून घ्यायला काय हरकत आहे?

या प्रश्नातला त्रागा समजतो, पण रोख चुकला आहे. त्या ध्वजाखाली साठ लाख यहुदी मारले गेले, शिवाय रोमा, पोलिश, सोव्हिएत युद्धकैदी, अपंग. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्यासाठी ही इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट नाही. आणि चिन्हाचा वापर १९४५ मध्ये थांबलेलाही नाही. आजही कबरस्तानांत, शाळांच्या भिंतींवर ते धमकी म्हणून रंगवलं जातं. ‘आमचं पाच हजार वर्षांचं, तुमचं पंचवीस वर्षांचं’ हे वाक्य गणिताने बरोबर असेल, पण समोरच्याच्या आजीचं नाव छळछावणीच्या यादीत असेल तर ते निर्दय आहे.

समजून घेणं झालेलंच नाही असंही नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये जेरुसलेममध्ये हिंदू आणि यहुदी धर्मनेत्यांच्या परिषदेने काढलेल्या जाहीरनाम्यात स्वस्तिक हे हिंदूंचं प्राचीन मंगलचिन्ह असल्याचं आणि नाझींनी त्याचा गैरवापर केल्याचं नोंदवलं. आणि कोकणातले बेने इस्रायली यहुदी तर पिढ्यानपिढ्या शेजाऱ्यांच्या दारावरची स्वस्तिकं पाहतच मोठे झाले. अडचण धर्माची नाही, आठवणीची आहे.

१०. जर्मनीत घराच्या दारावर स्वस्तिक काढलं तर अटक होते का?

जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार घटनाविरोधी संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरणं गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. चुकून तेच वाटेल इतकं सारखं दिसणारं चिन्हही कलमात येतं. कला, संशोधन, शिक्षण, इतिहासाचं वार्तांकन यांना सवलत आहे. मार्च २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने फुली मारलेलं, म्हणजे उघड नाझीविरोधी, चिन्ह गुन्हा ठरत नाही असा निकाल दिला.

देवघरातल्या किंवा मंदिरातल्या स्वस्तिकावर या कायद्याचा रोख नाही. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला तुमच्या दारामागे देवघर आहे हे दिसत नाही. तो पोलिसांना फोन करील आणि ते येतील. खुलासा केल्यावर बहुधा प्रकरण मिटेल, पण भाड्याच्या घरात मालकासमोर असा खुलासा करत बसायची हौस कुणाला आहे? आमचं मत स्पष्ट आहे: घरात हवं तितकं काढा, रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीवर, बाल्कनीवर आणि गाडीच्या बॉनेटवर नको. तिथे ओम, कमळ, लक्ष्मीची पावलं आहेतच.

२००७ मध्येच जर्मनीने नाझी चिन्हांवर संपूर्ण युरोपीय संघात बंदी सुचवली होती. ब्रिटनमधल्या हिंदू संघटनांनी हरकत घेतल्यावर तो प्रस्ताव मागे पडला.

११. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत काय स्थिती आहे?

ऑस्ट्रेलियात धार्मिक वापराला कायद्यातच जागा ठेवली आहे. नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घालणारा कायदा २०२२ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने केला, आणि हिंदू, बौद्ध, जैन धर्मीयांच्या वापराला त्यातून वगळलं. न्यू साउथ वेल्सनेही त्याच वर्षी तसाच कायदा केला. जानेवारी २०२४ पासून देशभराची बंदी लागू आहे, तिच्यातही ही सवलत आहे.

अमेरिकेत चिन्ह दाखवणं एवढ्यानेच गुन्हा होत नाही. १९७० च्या दशकात शिकागोजवळच्या स्कोकी इथे नाझीवाद्यांच्या मोर्चावरून झालेल्या खटल्यात न्यायालयांनी अभिव्यक्तीच्या हक्काची बाजू घेतली. मात्र दुसऱ्याच्या मालमत्तेवर धमकी म्हणून ते रंगवणं अनेक राज्यांत गुन्हा आहे. हा गुन्हा सांगताना कॅलिफोर्नियाच्या २०२२ च्या कायद्यात नाझी ‘हाकेनक्रॉइझ’ (नाझी चिन्हाचं जर्मन नाव) आणि धार्मिक स्वस्तिक यांत फरक केला आहे.

१२. मग नाझी चिन्हाला ‘स्वस्तिक’ म्हणूच नये का?

नाझी स्वतः त्याला ‘हाकेनक्रॉइझ’, म्हणजे हुकासारखी टोकं वळलेला क्रूस, म्हणत. संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्यूलर याने तर ट्रॉय खणणाऱ्या श्लीमनलाच कळवलं होतं की भारताबाहेरच्या आकाराला स्वस्तिक म्हणणं आपल्याला पसंत नाही. मराठीत लिहिताना ‘नाझी चिन्ह’ म्हणणं सोपं आणि पुरेसं आहे. मात्र नाव बदललं की आकाराची भीती जाईल असं समजू नका. काही प्रचारक नाव सुधारण्याच्या भरात ‘क्रूस म्हणजे ख्रिस्ती, सगळा दोष चर्चचा’ असं बोलतात. ती वेगळीच वकिली झाली.

१३. पर्यटकांसाठी जपानने नकाशावरून मांजी काढून टाकलं, हे खरं का?

सुचवलं होतं, काढलं नाही. २०२० च्या ऑलिम्पिकची तयारी सुरू असताना, जानेवारी २०१६ मध्ये, जपानच्या सरकारी नकाशा संस्थेने परदेशी पाहुण्यांसाठीच्या नकाशांत मांजीऐवजी तीन मजली पॅगोडाचं चित्र वापरायचं सुचवलं. लोकांकडून बऱ्याच हरकती आल्या आणि मंदिराच्या चिन्हाचा निर्णय लांबणीवर टाकण्यात आला. जपानी नकाशांवर मांजी कायम आहे.

उत्तर जपानमधल्या हिरोसाकी शहराचं तर अधिकृत नगरचिन्हच मांजी आहे. ते तिथल्या त्सुगारू सरदार घराण्याच्या निशाणावरून आलं. उलट उदाहरणही आहे: शोरिंजी केम्पो या युद्धकलेची संघटना सुरुवातीपासून मांजी वापरत होती, पण परदेशी शाखा वाढल्यावर २००५ मध्ये तिने चिन्ह बदललं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या हाती आलेल्या जपानी पोकेमॉन कार्डावर मांजी दिसल्यावर तक्रारी झाल्या आणि निन्टेंडोने ते कार्ड बंद केलं.

१४. तैवानमध्ये खाण्याच्या पाकिटांवर स्वस्तिक असतं. म्हणजे शाकाहारी?

बहुधा हो. तिथे बौद्ध शाकाहार सूचित करायला उपाहारगृहांच्या पाट्यांवर आणि पाकिटांवर ते छापतात. पण ती आपल्या हिरव्या ठिपक्यासारखी सरकारी खूण नाही. पाकिटावर शाकाहाराचा प्रकार वेगळा लिहिलेला असतो: निव्वळ वनस्पतिजन्य, दूध असलेला, अंडं असलेला, कांदा-लसूण वर्गातल्या भाज्या असलेला. अंडं चालत नसेल तर ती ओळ कुणाकडून तरी वाचून घ्या.

१५. आम्ही आंबेडकरी बौद्ध. आमच्या घरात स्वस्तिक नसतं, मग ‘बौद्ध स्वस्तिक’ कुठून आलं?

प्रश्न रास्त आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत स्वस्तिकाचा उल्लेख नाही. पण ज्या कर्मकांडांपासून त्या दूर नेतात, त्यांच्याशी महाराष्ट्रात ते चिन्ह जोडलेलं आहे: पूजा, वास्तुशांत, वहीपूजन. म्हणून घराघरांत आलं ते धम्मचक्र आणि पंचशील ध्वज. श्रीलंका आणि थायलंडमध्येही चक्राचाच मान मोठा आहे. लेण्यांतलं आणि चीन-जपानमधलं स्वस्तिक बौद्धच आहे, आणि ते न वापरणारं तुमचं घरही पूर्ण बौद्धच आहे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

१६. जैनांच्या चिन्हात अमेरिकेत स्वस्तिक का दिसत नाही?

जैनांसाठी स्वस्तिकाचे चार हात म्हणजे जन्माच्या चार गती: देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे), नरक. वरचे तीन ठिपके सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्याचे, त्यावरची चंद्रकोर सिद्धशिलेची, म्हणजे मुक्त आत्म्यांच्या स्थानाची. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचं लांछन, म्हणजे ओळखचिन्हही तेच. महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षं झाली तेव्हा, १९७४-७५ मध्ये, सर्व पंथांनी मिळून ठरवलेल्या प्रतीकातही ते आहे. उत्तर अमेरिकेतल्या जैनांच्या महासंघाने मात्र आपल्या रूपात त्या जागी ओम घेतला. मंदिरात तांदळाचं स्वस्तिक ते काढतातच.

१७. गृहप्रवेशाला ऑफिसातले यहुदी सहकारी येणार आहेत. कलशावरचं स्वस्तिक झाकू का?

झाकू नका. झाकलेलं अर्धवट दिसलं तर जास्त विचित्र वाटेल. बोलावतानाच दोन वाक्यांत सांगा की पूजेत हळदकुंकवाने एक जुनं मंगलचिन्ह काढतात, त्याचा आकार तुम्हाला खटकू शकतो, म्हणून आधी कल्पना देतो आहे. त्यांनी पूजेनंतर जेवायलाच यायचं ठरवलं तर वाईट वाटून घेऊ नका. फोटो टाकताना त्यांचा चेहरा आणि स्वस्तिक एकाच चौकटीत येत असेल, तर आधी त्यांना विचारा.